डाव्या डोळ्यातला उजेड

घरात तिला धाकटी म्हणत. पंचेचाळिशी उलटली, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, तरी आईच्या आणि दादाच्या तोंडी ती धाकटीच राहिली. ऑफिसात मात्र तिला सगळे वेबवाल्या बाई म्हणायचे. शहरातल्या त्या जुन्या दैनिकाची वेबसाइट तिनं पहिल्या दिवसापासून एकटीनं उभी केली होती. तेव्हा आजच्यासारखं तयार काही मिळत नव्हतं. ओळीखाली ओळ हातानं लिहायची, पान उघडून बघायचं, कुठंतरी एक चिन्ह राहून गेलेलं असायचं आणि सगळं पान आडवं झालेलं असायचं. ते चिन्ह सापडेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा आणि त्याच दैनिकात मुद्रितशोधक. छापायला जाण्याआधी प्रत्येक पान त्याच्या नजरेखालून जायचं. लाल पेन कानावर अडकवून तो पानावर असा वाकायचा की अक्षरं जुळवणारे जुळारी त्याला चिडवत, याला वास घेऊनच चुका कळतात. त्याच्या हाताखालून गेलेल्या पानात चूक राहत नाही, असा त्याचा लौकिक होता. मग त्याला ओळींचे शेवटचे शब्द दिसेनासे झाले. आधी त्याला वाटलं, थकवा असेल. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेनं खात आत येणारा आणि एकदा गेलेली परत न देणारा, असा तो आजार. दोन शस्त्रक्रिया झाल्या, त्यांनी नुसता वेळ काढला. एका सकाळी श्रद्धांजलीच्या चौकटीत गेलेल्या माणसाऐवजी त्याच्या जिवंत भावाचं नाव छापून आलं. त्या दिवशी दादा स्वतः संपादकांच्या खोलीत गेला आणि लाल पेन त्यांच्या टेबलावर ठेवून आला. तेव्हा तो पस्तिशीत होता.

उरलं ते एवढंच, की डाव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात थोडा उजेड शिल्लक राहिला. त्यात अक्षर दिसत नसे, माणसाचा चेहराही नसे. पण खिडकी कुठं आहे ते कळायचं. बाहेर ऊन आहे की ढग आलेत ते कळायचं. समोरून कुणी गेलं तर सावली सरकायची, आणि तेवढ्यावरून तो आई कोण, धाकटी कोण ते ओळखायचा. खुर्ची अशी तिरकी लावायचा की तो कोपरा नेमका खिडकीवर पडावा. कुणी कीव केली की म्हणायचा, "सगळं घर गेलं, पण एक खिडकी राहिलीय. भाडं भरतोय तिचं."

त्याच वर्षी दैनिकानं वेबसाइट काढायची ठरवली. कॉम्प्युटर शिकलेली ओळखीतली एकच मुलगी होती, ती म्हणजे मुद्रितशोधकाची बहीण. जिन्याखालच्या खोलीत, कागदाच्या रिळांच्या शेजारी, तिला एक टेबल मिळालं. पहिलं पान तयार झालं तसं ती ते दादाला ऐकवायला घेऊन आली. त्याच्याकडे नुकताच एक प्रोग्राम आला होता. पडद्यावर काय आहे ते तो एका सपाट आवाजात वाचून दाखवायचा. तिनं मोठ्या हौशीनं पान उघडलं. आवाज म्हणाला, चित्र, चित्र, दुवा, दुवा, चित्र, दुवा.

दादा थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "अगं, हे पान आहे की गोदाम?"

ती आठ दिवस त्या पानाशी झटली. मथळा हा मथळा आहे, ही बातमी आहे, हे पुढच्या पानाचं दार आहे, असं प्रत्येक वस्तूला तिनं नाव दिलं. चित्राखाली एक न दिसणारी ओळ लिहिली, ती फक्त तो आवाज वाचायचा. चित्र, पुरानंतर पूल बघायला आलेली माणसं. दादानं तेवढ्यावरही भागवून घेतलं नाही. "नुसती माणसं काय? घाबरलीत की गंमत बघायला आलीत?" तेव्हापासून ती तेही लिहायला लागली.

रोज सकाळी साडेसहाला त्या वेबसाइटचा पहिला वाचक दादा असायचा. सात वाजता धाकटी चहा घेऊन येईपर्यंत त्याची यादी तयार असे. तिसऱ्या बातमीत 'आणि' दोनदा पडलंय, क्रीडा पानावरचा दुवा हवामानाच्या पानावर जातोय. नोकरी सोडून कितीतरी वर्षं झाली तरी त्याचं काम काही सुटलं नाही. एकदा संपादक घरी आले होते. दादाच्या शेजारी ते डोळे मिटून बसले आणि दहा मिनिटं त्या आवाजातून आपलं दैनिक ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की जे पान आपल्या या माणसाला वाचता येत नाही, ते छापलंच नाही असं समजायचं. त्या इमारतीत पुढं कित्येक वर्षं तो कायदा होता. हळूहळू दादासारखेच आणखी वाचक जमत गेले. एक निवृत्त शिक्षिका होत्या, एक पियानो दुरुस्त करणारा होता, सैन्यात असताना स्फोटात डोळे गेलेला एक जण होता. धाकटीकडे त्यांची पत्रं यायची. चारशेच्या आसपास माणसं होती ती.

मग संपादक निवृत्त झाले आणि वर्षभरात दैनिक विकलं गेलं. ज्या कंपनीनं घेतलं तिच्याकडे अशी पुष्कळ दैनिकं होती. नवे साहेब वयानं धाकटीहून दहा वर्षांनी लहान, मृदू बोलणारे, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारे. त्यांनी तिला जिन्याखालून काढून तिसऱ्या मजल्यावर आणलं, चांगली खुर्ची दिली. समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा लावला. या क्षणी किती माणसं कोणत्या पानावर आहेत आणि प्रत्येक जण किती सेकंद थांबला, ते आकडे त्यावर दिवसभर हलत असायचे.

पहिली जाहिरात उजव्या हाताला लहानशा चौकोनात आली. तिला त्यात वावगं वाटलं नाही. दैनिक काय, पहिल्यापासून जाहिरातींवरच चालत आलेलं. दादानं पंधरा वर्षं बातम्यांबरोबर जाहिरातीही तपासल्या होत्या. पण तेव्हा जाहिरात माणूस घेऊन यायचा, दुसरा माणूस ती वाचायचा, आणि खाली कुणाची तरी सही असायची. आता पानावर नुसती रिकामी जागा सोडायची होती. वाचकानं पान उघडलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत, कुठंतरी लांब, त्या जागेचा लिलाव व्हायचा आणि जिंकणाऱ्याची जाहिरात तिथं येऊन बसायची. कुणासमोर कोणती जाहिरात आली ते ऑफिसातल्या कुणालाच माहीत नसे.

तिचं कामही असंच, तिच्या नकळत, बदलत गेलं. वेगवेगळ्या कंपन्यांकडून तयार ओळी यायच्या, त्या पानात चिकटवायच्या. बटण हिरवं ठेवलं तर वाचक जास्त थांबतो की केशरी, ते आठवडाभर बघायचं. मथळ्यात बातमी सांगून टाकली तर माणूस आत कशाला येईल, म्हणून मथळ्यांनी बातमी सांगणं बंद केलं. चित्राखालच्या न दिसणाऱ्या ओळी लिहायला तिला वेळ मिळेना. मग दादाचा आवाज चित्राच्या जागी नुसते आकडे वाचायला लागला. घरी एकदा आईनं विचारलं, हल्ली काय करतेस गं ऑफिसात? ती म्हणाली, "पूर्वी पानं लिहायचे. आता चिकटवते."

पुढं सगळं पान झाकणारी चौकट आली. पान उघडलं की ती मध्येच पुढं यायची, आणि ती घालवायला वरच्या कोपऱ्यात तिळाएवढी फुली असायची. डोळसांनासुद्धा ती चटकन सापडू नये अशीच बेतलेली. त्या फुलीला नाव नव्हतं. आवाज फक्त म्हणायचा, बटण. पुन्हा बटण. पुन्हा बटण. त्यातलं कोणतं दाबलं की चौकट जाईल आणि कोणतं दाबलं की भलत्याच दुकानात नेऊन सोडेल, ते दादाला कळायला काही मार्ग नव्हता. वर आपोआप सुरू होणारे व्हिडिओ होते. एकीकडे प्रोग्राम वाचतोय, दुसरीकडे गाडीची जाहिरात गातेय. एकाच बातमीला चाळीस मिनिटं लागली, त्या सकाळी दादानं यादी दिली नाही. चहाचा कप खाली ठेवत एवढंच म्हणाला, "धाकटे, आज बाहेर पडायचं दार सापडलं नाही."

ऑफिसात जाताच तिनं पहिलं काम केलं ते त्या फुलीला नाव देण्याचं. एकच ओळ. जाहिरात बंद करा. दुसऱ्या दिवशी दादा खुशीत होता, निवृत्त शिक्षिकांचं पत्रही आलं. बाराव्या दिवशी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. ती चौकट बाहेरच्या कंपनीची आहे, करारानुसार तिला हात लावता येत नाही, आणि चौकट बंद करणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं त्यांच्या लक्षात आलंय, असं त्यांनी समजावून सांगितलं. तिनं दादाबद्दल सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं, हे ती नंतरही कबूल करायची.

"असे किती वाचक असतील आपले?" त्यांनी विचारलं.

"चारशे. थोडे वरखाली."

साहेबांची नजर काचेतून भिंतीवरच्या पडद्याकडे गेली. मुद्दाम नाही, सवयीनं गेली. त्या क्षणी तिथं एकसष्ट हजारांचा आकडा होता.  ती जागेवर गेली आणि ती ओळ पुसून टाकली. मिनिटही लागलं नाही. घरी तिनं सांगितलं की ते वरून आलंय, माझ्या हातात नाही. खोटं नव्हतं ते. पण पुसली होती तिच्याच हातानं, आणि तो हात तिला दोन दिवस परका वाटत राहिला.

त्यानंतरच्या एका बुधवारी आणखी काही ओळी आल्या. वाचक कोणती पानं वाचतो ते बघून त्याला उपयोगी पडतील अशा जाहिराती दाखवायच्या, असं त्यांचं काम होतं. तिनं त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, त्या काय करतात ते तिला नीट कळलं. हे आवश्यक आहे का, असं तिनं विचारूनही पाहिलं. सगळीच दैनिकं करतात, असं उत्तर आलं. तिनं ओळी चिकटवल्या आणि डबा उघडून जेवायला बसली.

दादा दर आठवड्याला नेत्रतज्ज्ञांचं सदर वाचायचा. विचारलं तर म्हणायचा, त्या डॉक्टरांचं शुद्धलेखन फार वाईट आहे, म्हणून वाचतो. महिनाभरात त्याच्या पानावर दुसरी जाहिरातच येईना. थेंब, चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, डोळ्यांची तेलं. तो हसायला लागला. "तुमच्या पेपरला कळलं बघ मी आंधळा आहे ते. आता एखादं स्थळही आणेल बिचारा." धाकटी हसली आणि त्याचा रिकामा कप उचलून आत गेली.

आईचं वय तेव्हा एकोणऐंशी. सकाळी दादा वेबसाइट ऐकायचा तेव्हा ती शेजारच्या खोलीत निवडणं-टिपणं करत बसायची. दादा कानाला काही लावत नसे, घरात आवाज असला की आईला बरं वाटतं म्हणून. एका सकाळी अशीच चौकट पुढं आली, फुली सापडली नाही आणि प्रोग्राम सगळी जाहिरात वाचत सुटला. गेलेली दृष्टी परत मिळवा. काचबिंदूवर खात्रीचा उपाय. शस्त्रक्रिया नाही. फक्त चाळीस दिवस. पुढं फोन नंबर, एकेक आकडा सुटा करून. दादानं कंटाळून कॉम्प्युटर बंद केला आणि अंघोळीला गेला. शेजारच्या खोलीत आईनं तो नंबर किराणाच्या पिशवीवर लिहून घेतला होता.

आई भाबडी नव्हती. दादाच्या डोळ्यांसाठी झाडपाला घेऊन आलेल्या शेजाऱ्याला तिनं दारातूनच वाटेला लावलं होतं. पण ही गोष्ट धाकटीच्या पेपरात आली होती. त्या पेपरात खोटं छापून येत नाही, हे तिनं आपल्या मुलाच्या लाल पेनावरून शिकलेलं होतं. चूक असती तर कुणीतरी काढली नसती का?

तिनं फोन केला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की काय सांगावं. आई, आधी का नाही केलात फोन, असं म्हणाला. आठवड्यानं लहानशी बाटली आली. आईनं ती दादाच्या हातात ठेवली आणि कुठून मागवली ते सांगितलं. दादाला सगळं तिथंच कळून चुकलं. डॉक्टरांना विचारायला हवं, असं तो म्हणाला. मग नंतर बघू, म्हणाला.  आई कधी रडायची नाही, त्या दिवशीही रडली नाही.

"डॉक्टरांनी वीस वर्षांपूर्वीच हात वर केले," ती म्हणाली. "माझ्यामागं तुझं कोण बघणार, एवढंच सांग मला."

दादानं मान मागं टेकवली. आईनं त्याची पापणी धरली, लहानपणी डोळे आले की धरायची तशी, आणि थेंब घातले. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. धाकटीला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. आईला तिला चकित करायचं होतं. दादाला माहीत होतं की तिला कळलं तर ती बाटली फेकून देईल आणि आई मनातून मोडेल. नंतर इस्पितळात तो म्हणाला, मला वाटलं पाणीच असणार, पाण्यानं काय होतंय.

डोळे लाल झाले तेव्हा फोनवरचा माणूस म्हणाला, औषध लागू पडतंय आई, साचलेलं बाहेर येतंय. त्यानं दुसरी बाटली पाठवली. धाकटीनं लाली पाहिली नाही असं नाही. दादा म्हणाला, झोप नीट होत नाही. ऑफिसात त्या महिन्यात वेबसाइटचं रूप नव्यानं करायचं चाललं होतं. ती सकाळी लवकर जायची, यायची ती थकून. तिनं त्याच्या शब्दावर भागवलं. याबद्दल तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

विसाव्या दिवशी रविवार होता. दादा आपल्या तिरक्या खुर्चीत बसला होता. आई आत येऊन म्हणाली, बघ किती लख्ख ऊन पडलंय.

"पडदा उघडलास का?" दादानं विचारलं.

"केव्हाच."

 दादानं मान एकदा डावीकडे केली, मग उजवीकडे. स्वतःचा हात तोंडासमोरून दोनदा फिरवला. धाकटी दारात उभी राहून हे बघत होती. आई आत गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "धाकटे, जरा इकडं ये. खिडकी कुठं आहे?"

इस्पितळात दहा दिवस काढले. बाटलीत जंतू होते, बुबुळावर जखम झाली होती. डोळा काढावा लागला नाही हेच नशीब, असं डॉक्टर म्हणाले. पण कोपऱ्यातला तो उजेड गेला. औषध कुठून आणलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा दादानं आईला चहा प्यायला खाली पाठवलं आणि मग सगळं सांगितलं. धाकटी भिंतीला टेकून ऐकत होती. ती बुधवारची दुपार तिच्या डोळ्यांसमोर आली. त्या ओळी, तो जेवणाचा डबा. तिनं तेही त्याला तिथंच सांगून टाकलं.

 पट्टीखाली दादाच्या चेहऱ्याचं काही कळत नव्हतं.

"आईला यातलं काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "तिनं स्वतःच्या हातानं घातलंय. आजार वाढला म्हणायचं."

"आणि माझं काय, दादा?"

"तुला माहीतच आहे आता. तुला मी काय सांगू."

ऑफिसात जाऊन धाकटीनं दैनिकाचं पान उघडलं. तिला ती जाहिरात दिसेना. तिच्या पडद्यावर चपला येत होत्या आणि समुद्रकिनाऱ्यावरची हॉटेलं. शंभर वेळा उघडलं तरी तेच. मग घरी येऊन ती दादाच्या कॉम्प्युटरवर बसली. दुसऱ्या मिनिटाला ती जाहिरात आली. नंबर निराळा, शब्द तेच. तिनं पुरावा घेतला, साहेबांपुढे ठेवला. ते खरोखर हादरले. बाहेरच्या कंपनीकडे तक्रार गेली, तीन दिवसांनी उत्तर आलं. तो जाहिरातदार काढून टाकला आहे, कळवल्याबद्दल आभार. आणखी चार दिवसांनी तीच बाटली दुसऱ्या नावानं पानावर परत आली.

"ही निवडली कुणी?" तिनं साहेबांना विचारलं.

"कुणीच नाही, मॅडम. तसं कुणी नसतंच."

"मग माझ्या भावाची माफी कुणी मागायची?"

 साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले, आणि तिला त्यांचा राग येईना, हेच तिला जास्त लागलं. कुणाच्या तरी अंगावर ओरडावं एवढंसुद्धा त्या कामात उरलं नव्हतं.

दुपारी तीन वाजता ती जागेवर बसली आणि एकेक करत चिकटवलेलं सगळं काढायला लागली. चौकट काढली, व्हिडिओ काढले, बुधवारच्या ओळी काढल्या, वाचक मोजणाऱ्या ओळीही काढल्या. सहा वर्षांत पानावर जे जे साचलं होतं ते खरवडून काढलं. खाली तिचं जुनं पान होतंच. तिनं पहिल्या बातमीच्या चित्राखाली न दिसणारी ओळ लिहिली. मग घरी फोन केला आणि दादाला म्हणाली, पान उघड. त्यानं आधी नको म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटल्यावर उघडलं. फोनमधून तिला तो सपाट आवाज ऐकू येत होता. मथळा. बातमी. चित्र, शाळेच्या पायऱ्यांवर बसलेली मुलं, निकाल लागलाय, दोघी रडतायत. कुठंही न अडता आवाज पुढं जात राहिला. ती फोन कानाशी धरून ऐकत राहिली, भिंतीवरच्या पडद्यावरचे आकडे एकेक करून शून्य होत होते, आणि लोक आपल्या जागांवरून उठून तिच्याकडे बघायला लागले होते.

ते पान दोन तास टिकलं. मग कुणीतरी आदल्या दिवसाची प्रत परत चढवली आणि तिचं लॉगिन बंद झालं. साहेबांनी तक्रार केली नाही. राजीनामा मागितला, तिनं दिला. तिच्या जागी माणूस घेतला नाही म्हणतात. चिकटवायचं काम आता आपोआप होतं.

ती घरूनच लहानसहान कामं घ्यायला लागली. एका वाचनालयाची साइट केली, एका दवाखान्याची केली. बाकीची गिऱ्हाईकं येतात ती पहिल्या भेटीतच विचारतात, वाचकाला अडवून धरणारी ती चौकट जमेल ना तुम्हाला? ती नाही म्हणते आणि ते जातात. दादासाठी तिनं सगळ्या बातम्या एका साध्या पानावर आणून ठेवायची तयारी दाखवली. तो नको म्हणाला. आता त्या आवाजाचा कंटाळा आलाय, म्हणाला. त्याच्या कॉम्प्युटरवर आईनं विणलेलं झाकण पडलेलं असतं. निवृत्त शिक्षिकांची दोन पत्रं आली, दैनिक बंद झालं का, असं विचारणारी. काय उत्तर द्यावं ते धाकटीला ठरवता आलेलं नाही.

आईची मात्र खात्री आहे की घाई झाली. वीस दिवसांतच सगळे घाबरले, डॉक्टरांनी औषध थांबवलं, पुरे चाळीस दिवस होऊ दिले असते तर फरक पडला असता. मध्येच तिला आठवण होते आणि ती दादाला रागावते, की तुलाच धीर नव्हता, लहानपणापासून तू असाच, अर्ध्यावर सोडणारा. दादा ऐकून घेतो. चुकलंच माझं, म्हणतो.

परवाही असंच झालं. संध्याकाळची तिघं बसली होती.

"ते औषध अजून मिळत असेल का गं?" आईनं विचारलं. "तुझ्या पेपरात जुनी माणसं असतील ना ओळखीची. त्यांना विचारून बघ एकदा."

धाकटीनं दादाकडे पाहिलं. तो रिकामा कप हातात धरून टेबलाची कड चाचपत होता. पूर्वी ती त्याला अंदाजानं मिळायची. तिनं पुढं होऊन त्याच्या हातातून कप घेतला.

"विचारते, आई," ती म्हणाली.